बिनचूक सोमवार

लॅबमधल्या ताईंचं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रक्ताच्या एका नळीबद्दल जरी शंका आली तरी त्या अख्खी खेप रद्द करायच्या आणि तपासणी पहिल्यापासून सुरू. नवखे कुरकुरायचे, पण ताईंचा रिपोर्ट म्हटला की डॉक्टर डोळे मिटून सही करायचे.

पंचाईत अशी, की हाच नियम त्यांनी स्वतःच्या जेवणाखाण्यालाही लावला होता. धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. ताईंची जुळत होती आणि द्यायला त्या एका पायावर तयार होत्या. पण डॉक्टरांनी सुनावलं, "आधी वजन उतरवा, बीपी ताळ्यावर आणा, मग ऑपरेशनचं बोलू."

झालं! सोमवारपासून कडक पथ्य, पहाटे चालणं. मधेच कधीतरी एखादं बिस्किट तोंडात गेलं, की ताईंच्या लेखी आठवडा नासला. नासलाच आहे तर मग वेफर्स, आइस्क्रीम, आणि चालायचे बूट कपाटात. बुडत्याचा पाय खोलात! "आता येत्या सोमवारपासून, पण अगदी काटेकोर." सोमवार येत होते, जात होते. वजनाचा काटा जागचा हलत नव्हता, आणि ताईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

त्या मंगळवारी लॅबमध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता. संध्याकाळी ताई डायलिसिसच्या खोलीत आल्या त्या तोंड पाडूनच. भाऊ मशीनला जोडलेला होता.

"काय खाल्लंस?" त्याने विचारलं.

"केक. गेला हा आठवडा."

"अगं, आज मंगळवार आहे. आठवडा जातोय कुठे?"

"चेष्टा नको. तुझ्यासाठी करतेय, नीटच करायचंय. अर्धवट मला चालत नाही."

धाकटा हसला. "काल मला राहवलं नाही. अख्खा पेलाभर पाणी जास्त प्यायलो. नर्सबाईंनी चांगलंच झापलं. मग काय करू? आठवडा नासला म्हणून सुया काढायला सांगू? सोमवारी येतो म्हणू?"

"वेड्यासारखं बरळू नकोस!" ताई ओरडल्या. शेजारचा पेशंट दचकून बघू लागला.

"मी कुठे, तूच बरळतेस." त्याचं हसू मावळलं. "ताई, तुझा तो बिनचूक सोमवार येईपर्यंत मी टिकायला हवा ना गं."

ताईंना आधी राग आला, मग भीती वाटली. त्या उठल्या, पर्स त्याच्या पायाशी टाकली आणि खाली उतरल्या. हॉस्पिटलला फेरी घालू लागल्या. पायात ऑफिसच्या चपला, पोटात केक, अंगावर येणारी वाहनं. हे कसलं चालणं, हे धरायचंच नाही, असं मन बजावत होतं. कोपऱ्यावर पाय थांबलेसुद्धा. वर तो त्या मशीनपाशी पडलाय, हे आठवलं आणि त्या पुन्हा चालू लागल्या. डोळे भरून आले होते, ते पुसायलाही त्या थांबल्या नाहीत.

परतल्या तेव्हा धाप लागली होती. धाकट्याने पायाकडे पाहिलं.

"टाच सोलवटली की. आता बरी होईपर्यंत सुट्टी?"

"पट्टी लावते आणि उद्या जाते." आवाजात अजून घुस्सा होता. "आणि तू पाणी मोजून पी."

"बरं."

"नाहीच राहवलं, तर लपवू नकोस. मला सांग." ताई खुर्चीत टेकल्या. "मीपण सांगेन."