थरथरणारा गिअर

गल्लीत गाडीभोवती एवढी गर्दी होती, की मला ताईच्या दारापर्यंत पोचता येईना. गाडी भावजींची; ते नुकतेच वारले होते. बॉनेटवर तळहात टेकून एक बाबा उभे होते, आणि इंजिन चालू ठेवून त्यांचा शिष्य स्टिअरिंगमागे बसला होता.

"टाळ्या वाजवा. आत्म्याला आवाजाने वाट सापडते," बाबा म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. "मालक, असाल तर गिअर हलवा."

कुणाचाही हात न लागता गिअरचा दांडा थरथरू लागला. लोक मागे सरकले. ताईने तोंडावर हात दाबून धरला.

बाबा तिला म्हणाले, "चढावर गिअर आपोआप सुटतो ना? तो मालकच काढतात. लेकीला न्यायला आलेत. म्हणून तर सांगितलंय, महिनाभर पोरीला कुठल्याच गाडीत बसवायचं नाही."

मी वाट काढत घरात शिरले. ती लेक, माझी भाची, आत उशांना टेकून बसली होती. तिची मूत्रपिंडं निकामी झालेली. डायलिसिसला ताई तिला याच गाडीतून न्यायची, आणि बाबा पहिल्यांदा येऊन गेल्यापासून ते बंद होतं. चेहरा सुजला होता, आडवं पडवत नव्हतं.

"मावशी, श्वास पुरत नाही गं," ती म्हणाली.

"ताई, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल," मी बाहेर येऊन म्हटलं.

ताई दारात आडवी उभी राहिली. "नवरा गेला. आता हिलाही हाताने पाठवू?"

ओरडून उपयोग नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते. शिष्याचे हात बघत राहिले. दर वेळी टाळ्या सुरू झाल्या, की त्याचं बोट एसीच्या बटणावर जायचं. खिडकीतून हात घालून मी एसी बंद केला. थरथर थांबली.

"आता कुणी टाळ्या वाजवू नका," म्हणत मी बटण पुन्हा दाबलं. दांडा थरथरला.

"आत्म्याला उकडतंय वाटतं," मागून कुणीतरी बोललं.

"मग चढावर गिअर कोण काढतं?" बाबांनी विचारलं.

मी शिष्याला उतरवलं, बॉनेट उघडलं आणि शेजाऱ्याला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. इंजिन एका बाजूने उचकटल्यासारखं वर आलं.

"ताई, हे बघ. इंजिन ज्या रबरावर बसतं, ते फाटलंय. एसीचा भार पडला की इंजिन हादरतं आणि हादरा दांड्यापर्यंत येतो. चढावर ते कलतं आणि गिअर सुटतो."

ताई वाकून बघत राहिली. "म्हणजे ते इथे नाहीत?"

"नाहीत, ताई."

तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

चढावर गिअर सुटलाच. ताई गोठली. मग तिने तो परत टाकला आणि मी दाबून धरला. मागच्या सीटवर भाचीची धाप ऐकू येत होती. हॉस्पिटलात कळलं, की डायलिसिस चुकल्याने अंगात साठलेलं पाणी फुप्फुसांपर्यंत चढलं होतं. डायलिसिसचं मशीन लागलं आणि हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला.

नंतर गॅरेजमध्ये इंजिनखाली जास्त टणक रबराचं माउंटिंग बसवलं. गिअरच्या दांड्याचे बुश, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्याही, झिजून खिळखिळ्या झाल्या होत्या, त्याही बदलल्या. आता त्या चढावर दांडा जागचा हलला नाही. ताईने गाडी कडेला घेतली आणि रडू लागली.

"रोज गिअरवर हात ठेवून मी त्यांच्याशी बोलायचे गं."

 मी तिच्याजवळ सरकून तिचा हात हातात घेतला.

दुःखात माणूस कशालाही धरून बसतो, त्यात लाज कसली? पण आजाऱ्याला डॉक्टरकडे नेऊ नका असं कुणी म्हणालं, तर तिथेच त्याला थांबवा आणि सांगा, हे कशाने हलतं ते उघडून दाखव. तो दाखवेल किंवा पळेल. तुम्ही मात्र आधी आजाऱ्याला घेऊन निघा.