दक्षिणेला उघडं बुचाड

*रस्त्यावरून:*
मका. पुरुषभर उंच, पानांच्या कडा वाळत आलेल्या. मागे समुद्रावरून चढलेलं धुकं.

*आतून:*
मक्याच्या मधोमध गांजाचं एक झाड. त्याला ऑक्टोबर संपेपर्यंत वेळ हवाय. मका मात्र आताच कापणीला आलाय.

घरापुरतं लावलेलं झाड रस्त्यावरून दिसत नसेल तर आमच्याकडे कुणी विचारत नाही. दिसलं, की दंड होतो आणि झाड मुळासकट गार्दियांच्या, म्हणजे पोलिसांच्या, गाडीत जातं. दंड मी भरीन. झाड कुठून आणू?

आमच्या या हवेत उंच जातीचा गांजा पिकत नाही. थंडी फारशी नसते, पण सगळं ओलं असतं. त्या जातीची फुलं भरायला वेळ लागतो आणि तोवर राखाडी बुरशी आतून खाऊन टाकते. बाहेरून हिरवंगार, बोट लावलं की धूळ. म्हणून मी उंच जातीशी लवकर येणाऱ्या बुटक्या जातीचा संकर करत आले. बहुतेक पोरं बापावर गेली: बुटकी, घट्ट फुलांची, कुजकी. हे एक आईवर गेलं. मोकळी, हवेशीर फुलं. सप्टेंबरचं सगळं धुकं अंगावर घेतलं, एक डाग नाही.

त्याच्या खालच्या एका फांदीला मी पराग लावला. वरचं सगळं मी संध्याकाळी ओसरीत बसून ओढून संपवीन, त्याचं काही नाही. त्या फांदीतलं बी पिकलं पाहिजे. हिरवं राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि माझं वय आता पहिल्यापासूनचं नाही.

*रस्त्यावरून:*
कुट्टीचं यंत्र बांधाशी उभं. शेजारचा सेकुंदिनो खाली उतरून एका बाईशी बोलतोय.

*आतून:*
ती बाई मी. बांधावरच्या एका दगडापायी आमच्या दोन घरांतलं बोलणं वडिलांच्या वेळी तुटलं, ते आता कामापुरतंच उरलंय. यंत्र वाडीत पाळीनं फिरतं आणि ते सेकुंदिनो चालवतो. उंच बसतो. त्याला सगळ्यांच्या रानातलं सगळं दिसतं.

“उद्या तुझी पाळी, एर्मितास.”

“पुढच्या आठवड्यात केलं तर?”

“पुढच्या आठवड्यात पाऊस. गाईंना मुरघास घालायचाय का सूप?”

“मग मधल्या चार ओळी सोड.”

“कशाला?”

“बियाण्याला.”

त्यानं तोंडातली सिगरेट काढली.

“हायब्रीडचं बियाणं?”

त्याच दुकानातून, त्याच दिवशी, त्याच मक्याच्या थैल्या आम्ही दोघांनी उचलल्या होत्या. हायब्रीड मक्याचं बी कुणी राखत नाही, पुढच्या वर्षी प्रत्येक ताट आपल्या मर्जीनं उगवतं. हे माझ्याइतकं वाडीत कुणाला ठाऊक असेल? आणि मीच हे खोटं बोलले.

“हायब्रीडचं,” मी म्हटलं. आता मागे कुठे जाणार.

“बरं.”

ते ‘बरं’ मला आवडलं नाही. यंत्रावर चढता चढता तो म्हणाला, “आणखी कुणाला सांगू नकोस. हसतील.”

*रस्त्यावरून:*
रिकामं रान. मधे चार ओळी, बोळक्यात उरलेल्या दातांसारख्या.

*आतून:*
मक्याचं अख्खं रान वारा झेलतं. चार ओळी झेलत नाहीत. रेडिओवर वादळ सांगितलं होतं. मका आडवा झाला की मधे एकटं झाड उरणार, उभंच्या उभं, रस्त्याकडे तोंड करून.

झाड उभं ठेवलं तर दिसेल. वाकवून जमिनीशी बांधलं तर ओलीत कुजेल, आणि खालची फांदी सगळ्यांत आधी.

दोरी घेऊन मी तिथे उभी. खोडाला हात लावला, जरा ओढलं. ते आतून करकरलं. मी सोडलं. पुन्हा धरलं.

“काय गं, कणसं निजवतेस?”

सेकुंदिनो. पायी आला होता, रेनकोट घालून. त्याच्या हातात विळा होता.

मी दोरी पाठीमागे घेतली.

“वारा सुटेल आता. बियाणं लोळेल तुझं.”

“बघू.”

“तुझा बाप बियाण्याचं काय करायचा?”

“धाटांचं बुचाड रचायचा.”

“मग?”

एवढं बोलून त्यानं पहिली ओळ कापायला घेतली. मीही विळा आणला. धाटं उभी करायची, शेंडे एकमेकांवर टेकवायचे, वरून करकचून बांधायचं. पाऊस बाहेरून ओघळून जातो, आत हवा खेळती राहते. आम्ही ते झाडाभोवती रचत गेलो. मधे काय आहे याकडे सेकुंदिनोनं एकदाही पाहिलं नाही. हात मात्र त्याच्याभोवती अंतर राखून चालले होते.

“दार कुठे सोडू?”

“बुचाडाला कसलं दार?”

“बियाण्याला ऊन नको?”

“दक्षिणेला,” मी म्हटलं. रस्ता उत्तरेला आहे.

*रस्त्यावरून:*
एक बुचाड. वादळ सोसलेलं, जरासं कललेलं.

*आतून:*
गार्दियांची जीप थांबली. एक तरुण गार्दिया उतरला आणि थेट रानात आला. मी कुदळ घेऊन बांधावर होते. जवळच सेकुंदिनोचा मुरघासाचा खड्डा होता आणि वारा तिकडूनच येत होता. आंबलेल्या चाऱ्याचा दर्प सुटला होता, त्याखाली झाडाचा वास दबला होता. नशीब.

“काकू, हे तुम्ही रचलं?”

“का, वाईट झालंय?”

“नाही हो. माझे आजोबा असंच रचायचे. आम्ही पोरं आत लपायचो.” त्यानं फोन काढला. “फोटो काढू?”

“याचा? माझा काढ की. मला तरी कुणी विचारेल.”

तो हसला, एक डोळा मिटून फोनमध्ये पाहिलं आणि म्हणाला, “इकडून काळं येतंय. उन्हाच्या बाजूनं घेतो.”

आणि वळसा घालायला निघाला.

माझ्याकडे तीन-चार खोटी तयार होती. बियाण्याचं खोटं आठवलं आणि मी ती सगळी गिळली. आमच्याकडची जुनी रीत उरली होती: सांगू नये, विचारावं.

“आजोबा कुठले रे तुझे?”

“वर डोंगरातले.”

“डोंगरात पेरलेल्या रानात बूट घालून फिरतात?”

तो थांबला. खाली पाहिलं. गवताचं बी कालच टाकलं होतं, हे खरं होतं. चिखलात त्याच्या बुटांचे खोल ठसे उमटले होते. अजून दोन पावलांवर दार होतं.

“माफ करा, काकू,” तो म्हणाला. कान लाल झाले त्याचे. आपल्याच ठशांत पाय ठेवत तो परत गेला.

जीप वळणापलीकडे गेली तरी माझ्या हातातली कुदळ सुटेना.

*आतून:*
ऑक्टोबर संपला तेव्हा दारातून आत शिरले. शेंडा गेला होता, बांधल्या जागेतून पाणी झिरपून फुलं राखाडी झालेली. ओढायला यंदा काही नाही. खालची फांदी कोरडी. एक फूल चुरडलं. तळहातावर बी पडलं: तपकिरी, वर काळ्या रेघा. दोन बोटांत दाबलं. फुटलं नाही.

*रस्त्यावरून:*
सेकुंदिनोच्या फाटकाशी एक बाई. तिच्या घरातलं कुणी त्या फाटकाशी फार वर्षांत गेलं नव्हतं.

“आलं का बियाणं?” त्यानं विचारलं.

“मक्याचं?”

“मग मी कशाचं विचारतोय?”

मी त्याच्या हातावर चिमूटभर तपकिरी बी ठेवलं. त्यानं ते न बघताच मूठ मिटली आणि आधी रस्त्याकडे पाहिलं.