एका बटणासाठी आठ कागद

न्यू लिनला आमच्या खासदारबाईंच्या ऑफिसात मी पत्रव्यवहार सांभाळते. लोकांची कामं सरकारी खात्यात अडकली की ते आमच्याकडे येतात, आम्ही मंत्र्यांना पत्र लिहितो, आणि मग सगळे मिळून वाट बघतो. वाट बघण्यात आमचा हात धरणारं अख्ख्या ऑकलंडमध्ये कोणी नाही.

२०१६च्या मार्चमध्ये विश्वनाथकाका आले. सांगली जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, मुलामागे इकडे आले. पुढे मुलगा सिडनीला गेला आणि हे दोघं इथेच राहिले. शांताकाकू बाथरूममध्ये दोनदा पडल्या होत्या. गळ्यात घालायचं एक बटण मिळतं, दाबलं की मदतीला माणूस येतो. ते सरकारने द्यावं असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, पण खात्याने चार महिने ब्र काढला नव्हता. बटण नाही म्हणून काका काकूंना एकटं सोडत नसत. फक्त मंगळवारी शेजारीण तासभर येऊन बसायची, तेवढ्यात ते आमच्याकडे यायचे.

बाईंचं पत्र गेलं. दहा दिवसांनी मंत्र्यांच्या ऑफिसातून दोन ओळी आल्या: पत्र मिळालं, विषय विचाराधीन आहे. मी वैतागले. काकांनी चष्मा पुसला आणि त्या दोन ओळी दोनदा वाचल्या.

"पोच सुरेख आहे," ते म्हणाले. "हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. लिहिणारा मुरलेला दिसतोय."

"काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

"अगं, चांगल्या कामाला चांगलं म्हणावं."

एप्रिलमध्ये त्यांनी बसल्या जागेवरून पत्राचा ठावठिकाणा सांगितला. "आता मसुदा झाला असेल. साहेबाने एक शब्द बदलला असेल. परत टायपिंगला गेलं असेल. आणि सही करणारा रजेवर." मी वेलिंग्टनला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात किया ओरा असा इथला नमस्कार करून म्हणाली की ड्राफ्ट तयार आहे, पण सही करणाऱ्या बाई रजेवर आहेत. काकांनी विजयी मुद्रेने चहा मागितला.

मे महिन्यात त्यांनी स्मरणपत्र काढायचं ठरवलं. आमच्याकडे 'जस्ट फॉलोइंग अप' अशी एका ओळीची ईमेल टाकतात. काकांना ते पोरकट वाटलं. त्यांनी मला इंग्रजीतून मजकूर सांगितला, पण घाट अस्सल जिल्हा परिषदेचा: वर संदर्भ एक ते चार, मध्ये नम्र दरडावणी आणि खाली 'प्रत माहितीसाठी सादर' म्हणून आणखी सहा मंत्री. खासदारबाई पोट धरून हसल्या, "स्वीट अ‍ॅज" म्हणजे 'एकदम झकास' म्हणाल्या आणि सही ठोकून मोकळ्या झाल्या.

पंधरवड्यात सहाही मंत्र्यांची उत्तरं आली. विषय आमचा नाही, संबंधित मंत्र्यांकडे पाठवत आहोत. म्हणजे एका बटणासाठी त्या एकाच टेबलावर आता आठ कागद झाले होते.

"आता दाबून ठेवायचं म्हटलं तरी जागा पुरायची नाही," काका समाधानाने म्हणाले.

जूनच्या तिसऱ्या मंगळवारी काका आले नाहीत. खरं सांगते, मला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी कॉफी गरम असताना प्यायले. दुपारी काकांचा फोन आला. शेजारणीला फ्लू झाला होता म्हणून ते घरीच थांबले होते. दूध संपलं म्हणून कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले, तेवढ्यात काकू घसरल्या. मनगट मोडलं. काका परत येईपर्यंत त्या थंडगार फरशीवर पडून होत्या.

शुक्रवारी मंत्र्यांचं उत्तर आलं. बटण मंजूर. विलंबाबद्दल दिलगिरी.

पुढच्या मंगळवारी दोघंही आले. काकूंनी प्लास्टरचा हात वर करून दाखवला. "मंत्र्यांच्या आधी माझाच निकाल लागला बघ."

मी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, पण भाषेबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग म्हणाले, "जतहून एक बाई यायच्या. त्यांचे मास्तर गेले होते, फॅमिली पेन्शनची फाईल माझ्याकडे होती. दर सोमवारी एसटीने यायच्या. मी म्हणायचो, बघतो, पुढच्या सोमवारी या. एका सोमवारी आल्या नाहीत. मला बरं वाटलं. नंतरही कधी आल्या नाहीत, आणि मी कधी चौकशी केली नाही."

काकूंनी धड हात त्यांच्या हातावर ठेवला. ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली असावी.

मला लाज वाटली, पण बोलून टाकलं. "काका, गेल्या मंगळवारी तुम्ही आला नाहीत, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "सध्या कोण यायचं थांबलंय?"

मी डायरी चाळली. मिसेस फालेटाऊ. नातवाला दमा, त्याच्या भत्त्यासाठी फेब्रुवारीपासून येत होत्या. तीन आठवडे फिरकल्या नव्हत्या, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. काका समोर बसलेले असतानाच मी नंबर लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलेना. मी फोन ठेवणार, तेवढ्यात काका म्हणाले, "वाजू दे."