बाटलीतला काळा गाळ

सलग आठ महिने भोपळा. माझ्या वहीत दर सोमवारी शिशाच्या रकान्यात तेच गोल गरगरीत शून्य. पाणी तपासण्यात एकवीस वर्षं गेली माझी. त्यामुळे बातमी फारच चांगली असली की मनात आधी शंकेची पाल चुकचुकते.

वसाहतीच्या विहिरीत बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याचं शिसं उतरलं होतं. ते पाणी पंपघरातल्या काळ्या दाण्यांच्या टाकीतून घरोघरी जायचं. दाणे दिसायला मिऱ्यांएवढे, पण आतून नुसती भोकंच भोकं. शिसं त्या भोकांत अडकतं आणि भोकं भरली की दाणे बदलावे लागतात. पाच महिन्यांत भरायला हवीत, ही आठ महिने झाले तरी भरेनात. आणि टाकी सांभाळणारा माणूस कोण, तर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा.

तशात त्यांच्याच मुलीच्या, माझ्या भाचीच्या रक्तात शिसं निघालं. पाच वर्षांची पोर, महिनाभर पोट धरून रडत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिण्याचं पाणी तपासून घ्या. पाणी तर मीच तपासत होते! मग भावजी माझ्याकडे बाटली भरून पाठवतात ती कुठून?

पोटात ठेवणं मला जमत नाही. बहिणीला सरळ सांगितलं, "तुझा नवरा बाटलीत दुसरंच पाणी भरतोय."

"काहीतरीच काय, ताई!" ती म्हणाली. पण नंतर दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही. पोरीच्या जिवाशी खेळ चालला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी न कळवता पंपघरात जाऊन उभी राहिले. भावजी हात पुसत पुढे आले. भिंतीवर खिळ्याला तीन चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या, माझ्याच अक्षरातल्या.

"जपून ठेवल्यात वाटतं?"

"तुमचा हुकूम आहे ना तो," ते म्हणाले. मला तो टोमणाच वाटला.

माझ्यासमोर त्यांनी टाकीच्या नळाखाली बाटली भरली. मी पापणीसुद्धा लवू दिली नाही. बाटलीला सील लावलं आणि पिशवीत घातली. वाटेत बहिणीकडे डोकावले. तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाला चौपदरी फडकं बांधलेलं होतं.

"काळे कण येतात गं," ती म्हणाली. "हे दर आठवड्याला टाकीत थोडे नवे दाणे टाकतात ना, तेव्हापासून जास्तच."

तिची पाठ वळताच मी तिथलीही एक बाटली भरून घेतली.

सकाळी दोन्ही तपासल्या. पंपघराची बाटली, शून्य. स्वयंपाकघराची, त्रेचाळीस. दहाच्या वर गेलं तरी आम्ही पाणी बंद करतो. "सापडला!" मी एकटीच मोठ्यांदा ओरडले.

मग लक्षात आलं की सापडला कसा? बाटली माझ्या डोळ्यांदेखत भरली होती आणि रात्रभर माझ्या उशाशी होती.

बाटली उजेडात धरली. तळाशी पातळसा काळा गाळ. असा गाळ नेहमीच असायचा. माझी शिस्तच होती, बाटली रात्रभर स्थिर ठेवायची आणि सकाळी वरचं निवळ पाणी घ्यायचं. घाई करणाऱ्यांना मी फैलावर घेत असे. हा गाळ म्हणजे त्या दाण्यांचीच भुकटी. टाकीतून पाणी दोन मिनिटांत पळतं, बाटलीत मात्र ते रात्रभर भुकटीसोबत बसतं आणि भुकटी त्यातलं शिसं ओढून घेते. बहिणीच्या फडक्यात ती भुकटी अडकत होती.

चमचाभर गाळ स्वयंपाकघराच्या बाटलीत टाकला, हलवला आणि ठेवून दिला. संध्याकाळी तिथेही शून्य आलं.

त्या तीन चिठ्ठ्या आठवल्या. भावजींनी तीनदा विचारलं होतं, "दाणे जुने झालेत, सगळे बदलू का?" आणि तिन्ही वेळा मी लिहून दिलं होतं, "नमुना शून्य आहे. उगीच वसाहतीचं पाणी दोन दिवस बंद ठेवू नये."

मी भावजींना फोन करून पंप बंद करायला सांगितला. त्यांनी का म्हणून विचारलंही नाही.

तशीच त्यांच्या घरी गेले. भावजी नुकतेच आले होते. दारातच उभी राहून सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. खोट त्यांच्यात नव्हती, माझ्या शिस्तीत होती, हेही सांगितलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

भावजी ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, पोरीसमोरचा पाण्याचा पेला उचलला आणि मोरीत ओतला.

"आठ महिने, ताई," बहीण म्हणाली. पोरीला कडेवर घेऊन ती नवऱ्याशेजारी जाऊन बसली. त्याचा हात तिने हातात घेतला.

मला कोणी बस म्हणालं नाही.