सेवकरामचा कान

"दिसलं! काका, इकडे या ना, बघा!" प्रेरणा ओरडली आणि कारखान्यातली त्या पाळीची सगळी माणसं पडद्याभोवती गोळा झाली. सेवकराम मात्र टाकीपाशीच उभा राहिला. त्याच्या पोटात दुखत होतं, आणि ते जेवणामुळे नव्हतं.

टाकी स्टीलची, दोन माणसं उंच. तांदळाच्या कणीपासून काढलेली साखर पाण्यात विरघळवून तीत भरायची, विरजण घालायचं, खालून हवा सोडायची आणि आतला पंखा फिरत ठेवायचा. दीड दिवसात साखरेचं आम्ल होई. पण हवा सगळीकडे सारखी पसरली तरच. ती पंख्याभोवतीच घुटमळली, तर माल गेला म्हणून समजा. आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नसे. बावीस वर्षं ते सेवकराम ऐकत आला होता. सागाच्या काठीचं एक टोक टाकीला, दुसरं कानाला. कामठ्याहून सायकलीनं आला की चहाच्या आधी तेच काम. "सेवकरामले इचारा," असं कारखान्यात सगळेच म्हणायचे.

आता ही प्रेरणा, नागपूरची इंजिनियर पोरगी, आली. तिनं टाकीच्या आतल्या भिंतीला बटणांसारखे सोळा तुकडे बसवले, त्यांतून बारीकशी वीज खेळवली, आणि पडद्यावर टाकी कलिंगड चिरल्यासारखी उघडी पडली. पाणी निळं, हवा लाल. पोरगी उद्धट असती तरी बरं झालं असतं. ती तर डब्यातली भाजी आधी त्याला वाढायची. धड राग धरायचीही सोय नव्हती.

"काऊन फुगून राहिले?" घरी रुख्मिणीनं विचारलं. "ते पोरगी तुमचं काय घेऊन राहिली?"

"माहा कान घेऊन राहिली," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

मंगळवारी दुपारी पडद्यावर मधोमध लाल डाग साचला.

"सर, पंखा हवेत अडकलाय. हवा कमी करायला हवी," प्रेरणा म्हणाली.

मॅनेजर वीरेंद्रबाबूंनी पडदा पाहिला आणि सवयीनं सेवकरामकडे वळले. "तू सुन के बता."

सेवकरामनं काठी लावली. पंख्याची जड घरघर गेली होती. हलका, पोकळ आवाज येत होता. पडदा खरं बोलत होता, आणि नेमकं तेच त्याला सोसवलं नाही.

"काई नाई साहेब. बराबर चालून राहिलं."

"बस. फिर चलने दो."

प्रेरणा पडद्याकडे वळली. त्या दिवशी सेवकराम तिच्यासमोर बसून दोन कप चहा प्यायला.

बुधवारी संध्याकाळी माल तपासला. साखर जवळजवळ तशीच होती. सगळी टाकी वाया गेली. वीरेंद्रबाबू ओरडले असते तर चाललं असतं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"उमर हो गई, सेवकराम. कान जाते हैं. तेरी गलती नहीं. कल से गोदाम में बैठ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रेरणाच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. त्यानं नुसतं गप्प राहायचं होतं, सगळं निभावून गेलं असतं.

"कान साबूत हाये, साहेब," सेवकराम म्हणाला. "मले चांगलं आयकू आलं होतं. पोरीचंच खरं होतं. मीच खोटं बोललो."

"क्यों?"

"जळून राहिलो होतो, साहेब. हिच्यावर."

वीरेंद्रबाबूंनी खांद्यावरचा हात काढून घेतला. गोदाम काही टळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काठी आणून पडद्याशेजारी ठेवली.

"काका, ही तुमची आहे. न्या ना," प्रेरणा म्हणाली.

"राहू दे. लाईट गेली का हे तुहं बंद पडते. पंखा त जनरेटरवर फिरतच राहते. तवा लागंल तुले."

तो दारापर्यंत गेला आणि तिथूनच, मागे न बघता म्हणाला,

"गुळगुळीत टोक कानाले लावजो."