पुसलेलं नाव

मी एक जुना रेकॉर्डर आहे. आवाज टिपणं हे माझं काम. कारखान्यातून निघालो तेव्हा गाणी टिपायला मिळतील अशी आशा होती; मिळाल्या एक संशोधक बाई. रक्तात एचआयव्हीचा विषाणू घेऊन जगणारी माणसं घरात, कामावर, प्रेमात कशी निभावतात आणि बाई किंवा पुरुष या खणांत न बसणाऱ्यांना दवाखान्यात काय ऐकून घ्यावं लागतं, याचा त्या अभ्यास करत. त्या विचारत, मी ऐके. "एवढासा आहे, पण उसासासुद्धा टिपायचा सोडत नाही," असं माझं कौतुक व्हायचं.

मित्रांनो, मी गोंधळलो तो एका शिवणकाम करणाऱ्या ताईंमुळे. घरच्यांनी मुलगा समजून त्यांचं एक नाव ठेवलं होतं. मोठेपणी त्यांनी आपलं नाव स्वतः निवडलं.

बाई म्हणाल्या, "पुस्तकात नाव बदलावं लागेल. विषाणूचं कळलं तर दुकानातलं काम जाईल तुमचं."

"वा! अर्धं आयुष्य खोट्या नावानं काढलं. आता कुठे खरं मिळालं, तर तेही बदला?" ताईंच्या दातांत टाचणी असावी, आवाज तसाच आला. "बरं, मग जुनंच टाका. खोटं हवंय ना? आयतं आहे."

"अहो, त्या नावावरून तुमचा भाऊ लगेच ओळखेल. आत्ताशी पुन्हा बोलायला लागलाय ना तो तुमच्याशी?"

"म्हणजे खऱ्या नावानं काम जाणार आणि खोट्या नावानं भाऊ!"

दोघी हसल्या. मी तेही टिपलं.

पुस्तक लिहून झालं. नियमाप्रमाणे आवाज पुसायचे होते. बाईंनी ताईंना बोलावून त्यांचं पहिलं वाक्य ऐकवलं. त्यात ताई आपलं नाव ठासून सांगत होत्या.

"झकास म्हटलंय की मी! पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. मग ताईंनी स्वतःच पुसायचं बटण दाबलं.

पुस्तकात त्या नुसत्या 'एक ताई' आहेत. मी कपाटात आहे, बॅटरी काढलेला. जपण्यासाठी पुसावं लागतं, हे मला अजून उमगलेलं नाही. मित्रांनो, कुणी विश्वासानं आपलं नाव सांगितलं तर त्याच नावानं हाक मारा. बाहेर मात्र सांगत फिरू नका.

त्या दिवशी ताई जिन्यापर्यंत गेल्या, तेव्हा बाईंनी त्यांना त्यांच्या नावानं हाक मारली. मी बंद होतो. तरी मला ऐकू कसं आलं, कोण जाणे.

ताईंनी वळून ओ दिली.