पाटीने किती बोलावं

रचना बोलघेवडी होती आणि तिला त्याचं काही वाटत नसे. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आठ माणसांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर मराठी लिहायचा 'पाटी' नावाचा एडिटर तयार व्हायला लागला, तेव्हा त्यातले सगळे संदेश लिहायचं काम तिने हौसेने मागून घेतलं. फाईल सेव्ह झाली की पाटी म्हणायची, "छान! तुमचं लेखन सुखरूप जतन झालं आहे. आता निश्चिंतपणे पुढे लिहा." शब्द चुकला की म्हणायची, "अरेच्चा! इथे जरा पुन्हा बघता का?" तिचा बॉस विनीत वाचून खूश झाला. "आपलेपणा आहे यात," तो म्हणाला.

हा आपलेपणा दुसऱ्याच्या कानाला कसा लागतो, ते तिला ठाकुर्लीत कळलं.

पाटी अंधांनाही वापरता यावी म्हणून तिचे सगळे संदेश आवाजातही ऐकू येत. ते तपासून द्यायला सीतारामकाका कबूल झाले होते. काकांना जन्मापासून दिसत नव्हतं. कल्याणच्या रेल्वे एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. आता निवृत्तीनंतर बुद्धविहाराच्या स्मरणिकेसाठी नोकरीतल्या आठवणी टाइप करत होते.

रचना त्यांच्या ठाकुर्लीच्या घरी गेली तेव्हा दार त्यांच्या पत्नी रंभाकाकूंनी उघडलं. तिचा जय भीम घेऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "आवाजावरून नाही वाटत, पण तूच ना ती? दिवसभर आमच्या घरात बोलते ती?"

"आवाज मशीनचा आहे काकू. शब्द माझे."

"मग बस. दमली असशील."

आत काका टाइप करत होते. दर दोन मिनिटांनी पाटी 'छान' म्हणायची, आणि दर वेळी काका थांबून म्हणायचे, "बरं."

"काका, तुम्ही तिला उत्तर का देताय?"

"कोणी बोललं की ओ द्यायची सवय आहे. मग वाक्य विसरतो."

"मग तिने किती बोलायला हवं?"

"कमी."

"कमी म्हणजे किती कमी?"

"हे विचारायला तुला जेवढे शब्द लागले त्यापेक्षा."

रचना हिरमुसली, पण कामाला लागली. पंधरा दिवसांत तिने सेटिंगमध्ये तीन बटणं आणली: भरपूर, बेताचं आणि गप्प. विनीत म्हणाला, "बास. तीनच्या वर नको, लोक गोंधळतात." काकांनी ऐकताक्षणी 'गप्प' निवडलं आणि फोनवर तिला दोन शब्द बक्षीस दिले, "फर्स्ट क्लास."

आठव्या दिवशी पुन्हा फोन आला. "तीन पानं गेली."

रचना ऑफिसातून तशीच निघाली. घडलं होतं ते साधंच. काकांचा पेनड्राइव्ह भरला होता, सकाळपासून काही सेव्हच होत नव्हतं, आणि पाटीला गप्प बसायला सांगितलेलं, म्हणून ती गप्प बसली होती. बिघाड असा कुठे नव्हताच. चांगली बातमी आणि वाईट बातमी रचनाने एकाच बटणाला बांधली होती. तिचा चेहरा उतरला. तिने माफी मागितली, ती चांगली पाच मिनिटं. काकांनी ती संपू दिली.

"एक्स्चेंजला मी गप्पच असायचो," मग ते म्हणाले. "दोन माणसं बोलतायत, मध्ये माझं काय काम? पण लाईन तुटली की सांगायचो. 'लाईन तुटली.' बस. जो तेवढंही सांगत नाही तो ऑपरेटर नाही, तो खांब."

आपल्या पाटीला खांब म्हटलेलं ऐकून रचनाला वाईट वाटायला हवं होतं, पण तिला हसूच फुटलं. तिने वही काढली आणि एकेक संदेश वाचायला सुरुवात केली.

"फाईल सेव्ह झाली?"

"नुसतं टिक वाजू दे."

"शब्द चुकला?"

"लिहिताना नको. मी विचारेन तेव्हा."

"सेव्ह झाली नाही?"

"लगेच. आणि ते बंद करायचं बटण मलासुद्धा देऊ नकोस."

स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "त्या टिकटिकीने मला काय कळणार? ती बोलते तेव्हा समजतं की हे लिहितायत, झोपलेले नाहीत. ते ऐकूनच मी चहा टाकते!"

रचनाने वहीत लिहिलं: घर एक, कान दोन. प्रत्येकाला आपापलं सेटिंग हवं.

विनीतने यादी पाहून कपाळाला हात लावला. "तीन बटणांची सव्वीस?"

"तीन पुढेच राहतील रे. ज्याला हवं तो 'माझ्या सोयीने' उघडेल. फक्त वाईट बातमी लांब हवी की थोडक्यात, एवढंच ठरवता येईल. बंद नाही करता येणार."

विनीतचा विश्वास बसेना. नवी पाटी तयार झाली तेव्हा त्याने सगळं गप्प केलं, लिहिता लिहिता पेनड्राइव्ह उपटला, आणि पाटी म्हणाली, "सेव्ह झालं नाही." त्या जागी आधी रचनाचं एकोणीस शब्दांचं वाक्य होतं. तिने ते स्वतःच्या हाताने खोडलं होतं, आणि खोडताना तिला बरंच जड गेलं होतं.

"हे चालेल," विनीत म्हणाला.

नवी पाटी घेऊन रचना स्वतः ठाकुर्लीला गेली. गेलेली तीन पानं काकांनी पुन्हा लिहून काढलेली. या वेळी दीडच झाली आणि जास्त बरी झाली, असं त्यांचं मत होतं. दहा मिनिटांत आपलं सेटिंग लावून ते फेरी मारायला गेले. त्यांच्या खुर्चीत पदराला हात पुसत काकू येऊन बसल्या.

"मला पण लिहायचंय त्या स्मरणिकेत. हे एक्स्चेंजमध्ये काय करत होते ते लिहितील. घरी काय करत होते ते कोण लिहिणार?"

"नक्की लिहा. तुमच्यासाठी हिला किती बोलू देऊ, काकू?"

"भरपूर. लग्नापासून या घरात पूर्ण वाक्य मी एकटीच बोलत आलेय. जरा सोबत होईल."

रचनाने बटण दाबलं. काकूंनी चष्मा नाकावर सरकवला, एक बोट उचललं आणि कीबोर्डवर बराच वेळ शोधाशोध केली.

"अगं, 'आमचे हे' लिहायचंय," त्या म्हणाल्या. "यात 'आ' कुठे ठेवलाय?"